वतनीचा तडाखा

उस्ताद, वीज खात्याचे एवढे मोठे साहेब असून तुम्ही खोटं बोललात. तेही माझ्या आईच्या फातिहेच्या, म्हणजे दुखवट्याच्या, तंबूत बसून, माझ्या हातून कडू कॉफी घेऊन.

"गल्लीबोळातल्या मिस्त्र्यांकडून इन्व्हर्टर दुरुस्त करून घेतात आणि मग असं होतं," तुम्ही म्हणालात. "अल्लाह तिच्यावर रहम करो. पण लोकांनीही थोडं शहाणं व्हायला हवं." मग आता पुरे म्हणून पेला हलवून परत दिलात आणि उठलात. तुमच्यासोबतच्या चौघांनी माना डोलावल्या.

तो गल्लीबोळातला मिस्त्री तुमच्या समोरच्याच रांगेत बसला होता. तुम्ही त्याला ओळखत नव्हता. तो मात्र तुम्हाला ओळखत होता. त्याने मान खाली घातली ती तुम्ही गेल्यावरही वर केली नाही.

त्याचं नाव खुदैर. पण आमच्या मोहल्ल्यात त्याला या नावाने कोणी हाक मारत नाही. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने ओळखतात. मी जासिब, म्हणून माझी आई उम्म जासिब. ज्याला मूल नाही त्यालाही लोक रिकामं ठेवत नाहीत, त्याला अबू गायब म्हणतात. जो आलाच नाही त्या मुलाचा बाप. खुदैर चाळीस वर्षं अबू गायब आहे. बायको होती, तीही गेली. उरलं ते बाजाराच्या टोकाचं शटर, वीज तपासायचा एक मीटर, कथिलाचा डाग देण्याची, कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली बंदूक आणि मोटारीच्या हेडलाइटचा एक दिवा.

सरकारी कारखान्यात तो विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचा. नाकेबंदीच्या वर्षांत बाहेरून काहीच येईना, तेव्हा मेलेल्या यंत्राचा अवयव काढून अर्धमेल्या यंत्राला लावायचं काम तो शिकला. पुढे कारखान्याला कुलूप लागलं. तोवर देशात वीज राहिली नव्हती आणि घरोघर इन्व्हर्टर आले होते. अबू गायबच्या हाताला पुन्हा काम मिळालं. तुमच्या नालायकीवर जगणारा माणूस, असं तो स्वतःच हसून म्हणायचा. "वतनी नीट आली तर मी उपाशी मरीन रे."

वतनी म्हणजे सरकारची वीज. ती आमच्याकडे कशी येते ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या घरी ती जातच नाही. आई म्हणायची, "वतनी म्हणजे पिऊन आलेला जावई. आधी दार तोडतो, मग सलाम करतो." म्हणून वतनी आली की बसऱ्यातलं कुठलंही घर लगेच दांडी फिरवत नाही. जनरेटरवरून वतनीवर जायच्या आधी सगळे थांबतात, तिला शुद्धीवर येऊ देतात. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

आईची फुप्फुसं संपत आली होती. पश्चिमेला तेलविहिरींवर रात्रंदिवस जळणाऱ्या वायूचा धूर तिने जन्मभर हुंगला. डॉक्टरने प्राणवायूचं यंत्र लिहून दिलं. यंत्र विजेवर चालतं. वीज नसली की इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर बंद पडला की चालतच नाही.

वसंतात आमचा इन्व्हर्टर गुरगुरायला लागला. चालायचा, गरम व्हायचा, बंद पडायचा. अबू गायबने तो अंगणात आणून उघडला. आई नाकात नळी घालून बाजेवर बसली होती.

"काय झालंय त्याला?" तिने विचारलं.

"थांब बहिणी. आधी नाडी बघू दे."

आत तीन पायांचे काळे तुकडे रांगेने लावलेले असतात. त्यांनाच तो स्विच म्हणायचा. भिंतीवरचं बटण नव्हे. डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने ते उघडझाप करतात आणि बॅटरीतली वीज घराच्या विजेसारखी करून देतात. त्यांचे चार गट असतात. अबू गायब मीटरची टोकं एकेका गटाला लावत गेला. तिसऱ्या गटावर मीटर लांब किंचाळला.

"हा बघ. ह्यातला एक मेलाय. बाकीचे त्याचं ओझं वाहतायत. आज ना उद्या तेही जातील."

"म्हणजे आमच्या खानदानासारखंच," आई म्हणाली.

"तुमच्या खानदानात निदान ओझं वाहायला माणसं होती, उम्म जासिब."

"मग लग्न का नाही केलंस दुसरं? मी मुलगी दाखवली होती की."

"ती मुलगी माझ्या मीटरपेक्षा जास्त किंचाळायची."

आई हसली आणि हसता हसता खोकल्याने निळी पडली. अबू गायब हातातलं टाकून तिच्याजवळ गेला, नळी नीट केली, पाठ चोळली. मग परत येऊन कामाला बसला.

एकच तुकडा बदलून भागलं असतं. त्याने अख्खा गट बदलला. नव्याच्या शेजारी थकलेले ठेवले की ते नव्यालाही घेऊन जातात, म्हणाला. तुकडे त्याने नवे लावले नाहीत. बाजारातले नवे म्हणजे जुन्यावर घासून छापलेलं खोटं नाव. त्याने आपल्या दुकानातलं एक जुनं जर्मन यंत्र फोडून त्यातले काढून आणले. ते यंत्र त्याने स्वतःच्या म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मग त्याने बॅटरीच्या वाटेत तो हेडलाइटचा दिवा जोडला. दिवा पेटून तसाच राहिला तर आत अजून कुठेतरी विजेला चुकीचा रस्ता फुटलाय. क्षणभर उजळून विझला तर यंत्र शाबूत. दिवा उजळला. विझला.

"अंधार पडला की खूश होणारा धंदा माझा एकट्याचाच," तो म्हणाला.

मी त्याला अम्मू म्हणतो, म्हणजे काका. काम तिथे संपायला हवं होतं. पण मी म्हणालो, "अम्मू, वतनी आली तरी हा लगेच तिच्यावर जात नाही. थोडा वेळ बॅटरीवरच राहतो. आणि बॅटरी तेवढ्यात मान टाकते. मग यम्माचं यंत्र बंद पडतं."

"तो थांबतो ते मीच करून ठेवलंय. वतनीचा पहिला तडाखा ह्या तुकड्यांवर बसू नये म्हणून."

"बॅटरी बदलतो," मी म्हणालो. "पण नवी मिळते कुठे? जुन्यावर नवा कागद चिकटवलेल्याच सगळीकडे."

अबू गायबने बॅटरीवर हात ठेवला. तिचं पोट फुगलं होतं. मग आईकडे वळला.

"बहिणी, थांबायचा वेळ कमी करू? धोका आहे. आपल्या खांबावरची तार सैल आहे. वतनी येताना तिथून उसळते."

"तू सांगितलंस ना वीज खात्यात, तार आवळा म्हणून?"

"सांगितलं. गेल्या वर्षी सांगितलं. हिवाळ्यात सांगितलं. परवाही जाऊन आलो. बघतो म्हणाले."

"मग त्यांचं बघून होईपर्यंत मी श्वास रोखून बसू?" आई म्हणाली. "कर कमी."

त्याने आतला एक बारीक स्क्रू फिरवला. फार नाही, किंचितच.

ही तुमची गल्लीबोळातली दुरुस्ती.

उन्हाळा आला. त्या बुधवारी पहाटेपासून वतनी नव्हती. दुपारी मोहल्ल्याच्या जनरेटरवाल्याने जनरेटर तापला म्हणून तोही बंद केला. आईचं यंत्र बॅटरीवर चाललं होतं. मी गोड्या पाण्याचा टँकर घेऊन दुसऱ्या मोहल्ल्यात होतो, कारण तुमच्या सरकारच्या नळाला जे पाणी येतं त्याने आम्ही फक्त भिंती धुतो. शेजारीण आईजवळ बसली होती.

पुढचं तिने सांगितलं. वतनी आली. गल्लीत पोरं ओरडत धावली, "वतनी आली! वतनी आली!" लोक दारांत येऊन दांडीवर हात ठेवून नेहमीसारखे थांबले. आमचा इन्व्हर्टर पूर्वीइतका थांबला नाही. आत अक्रोड फुटल्यासारखा आवाज झाला. जळका वास आला. यंत्राची घरघर थांबली. आणि तेवढ्यात वतनीही गेली. आल्या पावली. घरोघरच्या दांड्या फिरायच्या राहिल्या, म्हणून दुसऱ्या कुणाचं काही जळलं नाही.

शेजारीण ओरडत बाहेर धावली. अबू गायब दुकानातून अनवाणी आला. त्याने इन्व्हर्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला पाठीवर घेतलं आणि उन्हात मोठ्या रस्त्यापर्यंत पळाला. आई हलकी झाली होती, पण तोही साठी उलटलेला माणूस. टॅक्सी मिळाली. वाटेत आई बोलली का, असं मी त्याला विचारलं. "बोलली," तो म्हणाला. "म्हणाली, दम लागलाय तुला, मला खाली ठेव. टॅक्सीत बसलोय हे तिला कळलं नव्हतं."

दवाखान्याच्या दारात तिला उतरवून घेणाऱ्याने नाडी पाहिली आणि स्ट्रेचर परत आत नेलं. रिकामंच.

त्याच संध्याकाळी गल्लीत तंबू लागला. तंबूत लोक येण्याआधी तुमचा लाइनमन आला. खांद्यावर शिडी होती. आमच्या खांबाला त्याने शिडी लावली, वर चढला, सैल तार आवळली, फडक्याने हात पुसत खाली उतरला. मी त्याच्यासाठी चहा ओतला होता. तो निवायच्या आत त्याचं काम झालं होतं.

अबू गायबने त्याला विचारलं, "आज कसा आलास रे, बाबा?"

"वरून फोन आला, अम्मू. उस्ताद येणारेत म्हणे फातिहेला. वतनी नीट ठेवा म्हणाले."

अबू गायब खांबाकडे बघत राहिला. लाइनमन चांगला पोरगा होता. त्याने मान खाली घालून चहा प्यायला, आईसाठी फातिहा पढली आणि गेला.

मग तंबूचे तिन्ही दिवस आमच्या गल्लीत वतनी गेली नाही. एकदाही नाही. कुलर चालले, दिवे जळले, कुणाच्या फ्रीजमधला बर्फ वितळला नाही. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, उम्म जासिब पुण्यवान, जाताना वीज देऊन गेली. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, त्या कुलरच्या वाऱ्यात बसलात आणि ते वाक्य बोललात.

तंबू उतरवल्यावर अबू गायब माझ्या अंगणात आला. हातात मीटर होता.

"इन्व्हर्टर उघडायचाय. तू समोर बस."

"राहू दे ना, अम्मू."

"समोर बस म्हणतो ना."

त्याने झाकण काढलं. स्क्रू काढायला मीही हात लावला. मीटरची टोकं त्याने पहिल्या गटाला लावली. मीटर किंचाळला. दुसऱ्याला लावली. किंचाळला. तिसरा गट त्याने लावलेला, जर्मन यंत्रातला. तिथे हात थांबला. मग टोकं टेकवली. तोही किंचाळला. चौथाही.

"माझे तुकडे वाईट असते तर माझाच गट गेला असता," तो म्हणाला. "फार तर त्याचा जोडीदार. चारही गट एका दमात जातात ते बाहेरून तडाखा बसला तरच. वतनीनं फोडलेत हे."

"मग तुम्ही सुटलात," मी म्हणालो. मला रडू आलं. "अम्मू, तुम्ही सुटलात."

"सुटलो?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला शिवी दिली होती. "थांबायचा वेळ कुणी कमी केला?"

"यम्मानं सांगितलं म्हणून ना?"

"तिला श्वास हवा होता. तिनं सांगणारच. अक्कल मला हवी होती."

"कमी केला नसता तर बॅटरीनं दगा दिला असता. तेव्हाही यंत्र बंदच पडलं असतं."

"पडलं असतं. मग ती गेली असती. किंवा पुढच्या क्षणी नीट वतनी घेऊन यंत्र पुन्हा चालू झालं असतं, आणि ती आत्ता तिथं बाजेवर बसून मला मुली दाखवत असती." त्याने मीटर बंद केला. "ह्यातलं काय झालं असतं, जासिब? सांग ना. हा मीटर नाही सांगत."

त्याने झाकण परत लावलं, एकेक स्क्रू घट्ट केला. मेलेल्या यंत्राचे स्क्रू कोण घट्ट करतं?

तेव्हापासून शटर बंद आहे. वतनी तंबूबरोबरच गेली. जळलेले इन्व्हर्टर उराशी धरून लोक येतात, शटर वाजवतात. अबू गायब शेजारच्या पायरीवर बसलेला असतो. "दुसऱ्याकडे जा," म्हणतो. दुसरा नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि त्यांनाही. कालच एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आली होती. पोराला घामोळं फुटून अंग सोललं होतं. ती त्याच्या पाया पडली. त्याने तिचा इन्व्हर्टर मांडीवर घेतला, झाकणावरून हात फिरवला आणि परत दिला. "माझ्या हातचं नको गं," म्हणाला.

लोक त्याला सांगतात, तुझी चूक नव्हती. मी सांगतो. शेजारीण सांगते. आम्ही सांगून उपयोग नाही, आम्ही त्याचे आहोत. त्याच्या कानांत तुमचं वाक्य बसलंय.

म्हणून तुम्ही या. माणसं सोबत आणू नका. त्या पायरीवर त्याच्या शेजारी बसा आणि मला नाही, त्याला सांगा. चहाचा पेला निवायच्या आत जी तार आवळून झाली, ती तो तीनदा सांगून गेल्यावर का आवळली नाहीत? मेलेल्या बाईच्या तंबूला तीन दिवस अखंड जी वीज देता आली, ती आई जिवंत असताना त्या एका बुधवारी कुठे होती?

तो ऐकायला बसला आहे. उत्तर द्या.