मास्तरांचा हलका पाय

शहरात गाडी शिकवणारे पुष्कळ होते. त्यांतले बहुतेक ओरडत. एकदोघे तर शिकणाऱ्याच्या हातावर चापटही मारत. या मास्तरांचा आवाज मात्र कधी चढला नाही, आणि त्यांच्या गाडीत कधी कुणाला गचका बसला नाही. सगळी करामत त्यांच्या पायात होती. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. खालून लोखंडी दांड्याने तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. बाकीचे मास्तर धोका दिसला की तो धाडकन दाबत. हे मास्तर धोका दिसायच्या आधीच दाबत, आणि तोही इतका अलगद की पलीकडच्या पेडलवर नुसता टेकवलेला पाय पेडलबरोबर आपोआप खाली जाई. शिकणाऱ्याला वाटे, वा, जमलं की आपल्याला. मास्तरांकडे माणूस घाबरत नाही, अशी ख्याती झाली होती. लोक आपल्या लेकीसुनांना डोळे झाकून त्यांच्याकडे पाठवत.

स्वतःची लेकही त्यांनी अशीच शिकवली. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. सुट्टीच्या सकाळी ती स्टिअरिंगवर, शेजारी मास्तर, मागच्या सीटवर तिची आई. भिंगरी गाडी सुसाट सोडायची आणि पुढच्या गाडीच्या पार पाठीला जाऊन थांबायची. मास्तर अभिमानाने मागे वळून बायकोला सांगत, बघ, पाण्यावर पान टेकावं तशी थांबते पोरीची गाडी. त्यावर ती हसून म्हणे, "गाडी ती चालवते की तुम्ही? मी मागून बघत असते. आधी तुमचा गुडघा हलतो, मग गाडी थांबते." तुला काय कळतंय त्यातलं, असं मास्तर म्हणत. ही त्या घरातली ठरलेली थट्टा होती.

भिंगरी गेली त्याला वर्ष होत आलं होतं. भर दुपारी, हमरस्त्यावर, रस्ता कोरडा ठणठणीत. बाप शेजारी नसताना ती पहिल्यांदाच हमरस्त्याला लागली होती. पुढे एक कंटेनर होता आणि त्याच्याही पुढे कुठेतरी वाहनं तुंबली होती. कंटेनर थांबला. भिंगरीची गाडी थांबली नाही. रस्त्यावर टायर घासल्याची रेघसुद्धा नव्हती, एवढं पोलिसांनी सांगितलं. मास्तरांनी सगळा दोष कंटेनरवाल्याच्या माथी मारला. तो अचानक थांबला, त्याचे मागचे दिवे मिणमिणते असतील, असं ते भेटेल त्याला सांगत राहिले. आपल्या हाताखाली शिकलेली पोर ब्रेक मारायला चुकेल, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

तिच्या शेजारी जावई होता. तो वाचला. मोडलेला पाय जुळला, पण चालताना ओढला जाई. दर रविवारी तो सासूसासऱ्यांकडे येई, चहा घेई आणि काही ना काही निमित्ताने त्याच दोन गोष्टींवर येई. एक म्हणजे, इतकी जवळ नको जाऊस असं त्याने तिला म्हटलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, बाबांच्या गाडीत याहून जवळ जायचो, थांबते ती. आणि दुसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज खाली जाई. अगदी शेवटी तिने समोर बघायचं सोडून त्याच्याकडे बघितलं होतं. डोळ्यांत भीती नव्हती. जाता जाता आपल्याला बघून गेली, असं तो म्हणे. त्या एका नजरेवर तो माणूस उभा होता.

त्या शनिवारी मास्तरांकडे शिकणाऱ्या नर्सबाईंचा शेवटचा धडा होता. इंजेक्शन देताना माझा हात हलत नाही, पण स्टिअरिंग धरलं की दरदरून घाम फुटतो, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. आता त्यांना घाम फुटत नव्हता. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती.

आदल्या दिवशी गाडी क्लचच्या कामाला गॅरेजात गेली होती. गॅरेजवाल्याने काम करताना मास्तरांच्या ब्रेकचा दांडा सोडवला आणि परत जोडायचा विसरला. निघण्याआधी मास्तरांनी पेडल दाबून बघायला हवं होतं. पण वर्षभर त्यांचं कशातच धड लक्ष नव्हतं.

हमरस्त्यापर्यंतचा रस्ता मोकळा होता, ब्रेकची वेळच आली नाही; हमरस्त्याला लागल्यावर बाईंनी वेग घेतला. पुढे दुधाचा टँकर होता. बघता बघता त्याचं मागचं झाकण, झाकणावरचं कुलूप, कुलपावरचा गंजसुद्धा दिसू लागला. टँकरचे लाल दिवे लागले. मास्तरांनी नेहमीसारखा पाय टेकवला आणि पेडल रिकामंच खाली गेलं, अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं.

नर्सबाईंचा पाय स्वतःच्या ब्रेकवर होता. नुसता टेकलेला. आणि टँकर अंगावर येत असताना त्यांनी मान वळवून मास्तरांकडे बघितलं. घाबरून नव्हे. बटण दाबूनही दिवा लागला नाही की माणूस त्या बटणाकडे बघतो, तसं.

मास्तरांनी एका हाताने स्टिअरिंग कडेला ओढलं आणि दुसऱ्याने हँडब्रेक. गाडी कडेच्या खडीत फरफटत गेली आणि टँकरच्या चाकाशेजारी थांबली. मागून चिकटून येणारा एकजण हॉर्न वाजवत निघून गेला.

बाई बराच वेळ स्टिअरिंग सोडेनात. मग म्हणाल्या, "मी दाबला होता, मास्तर. रोज एवढ्यावरच थांबते की गाडी."

"माझ्याकडे का बघितलंत?"

"काय माहीत. थांबली नाही, म्हणून बघितलं."

मास्तरांनी खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. टँकर हलला, रस्ता मोकळा झाला, वाहनं एकमेकांच्या शेपट्या धरून पुन्हा पळायला लागली. भिंगरीने नवऱ्याकडे बघितलं नव्हतं. तिने शेजारच्या सीटकडे बघितलं होतं. तिथे बापाचा पाय असायचा.

परतताना गाडी त्यांनी स्वतः चालवली. बाईंना सांगितलं की परीक्षा पुढे ढकला, तुम्हाला अजून ब्रेक येत नाही आणि चूक माझी आहे, पहिल्यापासून शिकवतो, या वेळी मी मांडी घालून बसेन. बाईंना त्यातलं अर्धंच कळलं. पण रोग्याच्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्यांनी मास्तरांकडे बघितलं आणि बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. जावई आला, पाय लांब करून बसला. चहा तसाच निवत ठेवून तो म्हणाला की ऑफिसात कुणीतरी त्याला सांगितलं, अशा वेळी माणसाला शेजारचं काही दिसत नाही, नजर समोरच खिळते. तुला भास झाला असेल.

"बाबा, तुम्ही इतकी माणसं शिकवलीत," तो म्हणाला. "ती माझ्याकडेच बघत होती ना?"

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. कालपासून ते वाक्य मास्तरांच्या जिभेवर होतं. सांगून टाकलं तर त्यांचं ओझं हलकं होणार होतं, आणि समोरच्या माणसाकडे होतं नव्हतं तेवढंही जाणार होतं.

"तुमच्याकडेच, जावईबापू," मास्तर म्हणाले. "दुसरं कोण होतं तिथे?"

जावयाने मान खाली घातली. मग गार झालेला चहा सगळा प्यायला.

मास्तर त्याला दारापर्यंत सोडायला गेले. पुढच्या गाडीपासून लांब राहा, असं त्यांनी सांगितलं. मध्ये कुणी घुसला तर घुसू द्या, पुन्हा मागे राहा. आणि शेजारी कुणी कितीही जाणता बसलेला असो, ब्रेक तुमचा तुम्ही मारा. जावई हो म्हणाला.

आत बायको कप उचलत होती. मास्तर खुर्चीत बसले आणि गॅरेजवाल्याच्या विसरभोळेपणाची गोष्ट सांगायला लागले. दांडा कसा सुटा राहिला, टँकर कसा आला, पेडल कसं रिकामं गेलं. गोष्ट तिथवर आली.

बायकोने कप खाली ठेवला.

"बाईंनी तुमच्याकडे बघितलं असेल," ती म्हणाली.

हे त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मी मागे बसायचे ना," ती म्हणाली.

वर्षभर तिने जेवायला वाढलं होतं, कंटेनरवाल्याला दिलेल्या शिव्या ऐकल्या होत्या, एका शब्दाने मध्ये बोलली नव्हती. आता ती शेजारची खुर्ची ओढून बसली. मास्तरांचा गुडघा थरथरत होता. तिने त्यावर हात ठेवला. तो लवकर थांबला नाही.