उसवलेली होडी

महानंदा तांडेल यांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. अकरा वर्षांपूर्वी कारवारच्या पलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून ते आले होते, शाळेच्या वहीच्या दुरेघी पानांवर लिहिलेले. मराठीत होते म्हणून आमच्या संग्रहालयात ते माझ्या टेबलावर आले. वस्तूंच्या नोंदी ठेवायच्या आणि पाट्या लिहायच्या, हे माझे काम.

भाचीच्या शाळेच्या सहलीबरोबर त्या बेंगळुरूला आल्या होत्या, तेव्हा त्यांना काचेत आपल्या वडिलांनी बांधलेली होडी दिसली. अठरा फुटी होडी, तिला एकही खिळा नाही. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवलेली. शिवायला दोन माणसे लागतात, एक आतून, एक बाहेरून. मध्ये फळी असल्यामुळे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, सगळे बोलणे फळीवर ठोकून. आत बसायच्या त्या महानंदाबाई, कारण लहानपणी होडीच्या निमुळत्या टोकात त्याच मावत. पुढे लिहिले होते: "साहेब, होडी वाळते आहे. तिला दर वर्षी माशाचे तेल पाजावे लागते. दोन-तीन वर्षांनी सगळे टाके काढून नवे घालावे लागतात. मी आणि माझा भाऊ येऊन करून देऊ. तुम्ही फक्त काच उघडा."

त्या काचेवर माझ्या हातची पाटी होती: 'मूळ शिलाई, सुमारे शंभर वर्षांपूर्वीची. हात लावू नये.' मला ती पाटी फार आवडायची. लोक तिच्यासमोर थांबत, आवाज खाली आणत. बाईंच्या पत्राचा अर्थ असा होता की फळ्या जुन्या असतील, पण दोरी कधीच जुनी नसते. होडी आमच्याकडे आली तेव्हा ती दोरी फार तर दोन वर्षांची होती. आम्ही जपत होतो ती दोरी, आणि होडी सुकत होती.

मी उत्तराचे चार खर्डे केले. आमचे घराणे साडेतीनशे वर्षांपासून बेंगळुरूत आहे, आमचे मराठी घरापुरते, त्यात निम्मे कानडी. असे मराठी कागदावर कसे उतरवायचे, ही मी स्वतःला सांगितलेली सबब. खरे कारण इतकेच की पाटी चुकली असे मला लिहावे लागले असते. मी पत्र घरच्या एका जाड पुस्तकात ठेवले आणि पुढच्या वर्षी निवृत्त झालो.

गेल्या फेब्रुवारीत संग्रहालयातून फोन आला. चिकपेटमागच्या गल्लीतली जुनी इमारत सोडून सगळे व्हाइटफील्डला, एका आयटी पार्कच्या तळमजल्यावर जाणार होते. जुन्या नोंदी कुणाला उलगडत नव्हत्या, म्हणून मला बोलावले. स्थलांतराचे काम शाल्मली नावाच्या पुण्याच्या मुलीकडे होते. तिशीची, हुशार, दिवसभर उभी. मला काका म्हणायची आणि माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढून आणायची.

तिसऱ्या दिवशी तिने मला होडीपाशी नेले. काच काढली होती. एका बाजूच्या तीन फळ्या सुटून लोंबत होत्या आणि खाली दोरीचा कोंड्यासारखा चुरा पडला होता. तिच्या हातात वस्तू संग्रहातून कायमची काढून टाकण्याचा फॉर्म होता. कारणाच्या रकान्यात 'दुरुस्त होण्यासारखी नाही' असे छापून आणले होते. एक सही तिची, दुसरी मूळ नोंद करणाऱ्याची, म्हणजे माझी.

"काका, फक्त या फुलीपाशी. बोट गेलेली आहे, तुम्हीच बघा. तिचं थ्री-डी स्कॅन आहे आपल्याकडे. तिकडे मोठ्या स्क्रीनवर ती लाटांवर चालेल, मुलांना आत बसल्याचा फील येईल. आणि हे सगळं गुरुवारी ट्रकनं भंगारात."

आयुष्यभर मी फुली दिसेल तिथे सही केली आहे. पेन उघडलेसुद्धा.

"मोडलेली नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा विचारले. "मोडलेली नाही ती. उसवली आहे. शिवता येते."

"कोण शिवणार? तुम्ही?"

ती हसली, वाईट अर्थाने नव्हे. पण यल्लाप्पाही हसला. यल्लाप्पा बेळगावकडचा, तीस वर्षे त्या काचेवरची धूळ पुसत आलेला, मला कानडी रिवाजाने रायरे, म्हणजे रावसाहेब, म्हणणारा. "रायरे, तुमच्या शर्टाचं बटण तुम्हाला लावता येत नाही," तो म्हणाला.

मी तिला पत्राचे सांगितले, पाटीचे सांगितले. ती म्हणाली, पाटीचे एवढे काय मनाला लावून घेता, तिकडे सगळ्या पाट्या नव्याच होणार आहेत.

"चूक पाटीपुरती राहिली नाही, मॅडम. माझ्या पाटीमुळे अकरा वर्षं त्या बाईला हात लावू दिला नाही."

मग तिने नीट समजावले की निर्णय विश्वस्तांचा आहे. मी सही केली नाही तर ते दुसरी कुणाची तरी घेतील आणि मला परत बोलावणार नाहीत. मी म्हटले, नाही बोलावले तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन गेलो. यल्लाप्पाला वाचून दाखवले. तो उठला, हार्डवेअरच्या गल्लीतून काथ्याची दोरी घेऊन आला आणि ती बादलीत भिजत घातली. दुपारी मी चपला काढून होडीत उतरलो. गुडघ्यांनी नको म्हटले, तरी बसलो. माझी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्याकडे पाठ केली.

पत्रात सगळे होते. आतल्याने दोरी ओढून एकदा ठोकायचे. बाहेरच्याने भोकात लाकडी खुंटी मारून दोरी धरायची आणि दोनदा ठोकायचे. मगच आतल्याने हात सैल करायचा. पहिल्या वेळी मी यल्लाप्पाची वाट न बघता सोडली. दुसऱ्या वेळी त्याने खुंटी उलटी मारली आणि बाहेरून मला शिव्या घातल्या, जणू मीच ठोकली होती.

तेवढ्यात शाल्मलीचा आवाज आला. "काका, प्लीज बाहेर या. इन्शुरन्स आहे, काही झालं तर मी काय सांगू?"

तिचे तोंड मला दिसत नव्हते, म्हणूनच बहुधा मला बोलता आले. "मॅडम, मी आत आहे. जे करायचं ते मी बाहेर आल्यावर करा. आत्ता ठोकण्याचा आवाज ऐकू द्या."

ती थांबली. तिसऱ्या वेळी दोनदा ठोकलेले ऐकू आले, मी हात सोडला आणि दोरी जागची हलली नाही. लोंबणारी फळी बोटभर वर येऊन शेजारच्या फळीला लागली. टाका वाकडा होता. पण फळी धरून होता.

शाल्मलीने वाकून त्या सांध्यावरून हात फिरवला. "किती वर्षं टिकतो?"

"दोन, तीन."

"मग परत हेच? दर वेळी? अशानं ओरिजिनल काय राहिलं काका?"

"मला माहीत नाही. ते त्या बाईंना विचारायला हवं. मी विचारायला हवं होतं."

तिने फॉर्म रद्द केला नाही, तिला ते करता येत नव्हते. ती म्हणाली, होडी भंगारात न देता व्हाइटफील्डच्या ट्रकमध्ये चढवते, पण महिन्याने विश्वस्त विचारतील तेव्हा शिवणारे माणूस समोर उभे पाहिजे; एका टाक्याच्या जोरावर ती त्यांच्याशी भांडणार नाही. मी फॉर्म मागून घेतला. फुलीपाशी सही केली नाही. छापलेल्या कारणावर रेघ मारून बाजूला लिहिले, 'उसवली आहे, शिलाई चालू', आणि तिथे सही केली. अशी सही चालत नाही, ती म्हणाली. असेल, मी म्हटले.

पत्रावर फोन नंबर नव्हता, फक्त गाव आणि घराच्या खुणा. घरी येऊन मी उत्तर लिहिले, एकदाच, खर्डा न करता. 'पाटी मी लिहिली होती आणि ती चुकीची आहे. एक टाका आम्ही घातला आहे, तो वाईट आहे, आल्यावर आधी तो काढा. काच उघडी आहे. परवानगी द्यायचा मला अधिकार नाही, तरी देतो. लवकर या.' माझ्या मराठीत जसे आले तसे लिहिले, एका ठिकाणी 'स्वल्प उशीर झाला' असेही. अकरा वर्षांना स्वल्प म्हणणे बरे दिसले नाही, तेवढे खोडले.

बाई आता आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. म्हणून पाकिटावर त्यांच्या नावाखाली लिहिले, 'अथवा त्यांचे भाऊ, अथवा त्या गावात होडी शिवणारे जे कोणी असतील त्यांस'.

पोस्टातल्या तरुणाने पाकीट माझ्याकडे परत सरकवले. पत्त्यावर एकच नाव पाहिजे सर, तो म्हणाला, स्पीड पोस्टाला असे चालत नाही. मागे रांग होती. एरवी मी पाकीट उचलून घरी गेलो असतो.

"चालेल," मी म्हणालो. "गावात गेलं की ज्याचं आहे तो घेईल. तुम्ही पाठवा."

त्याने माझ्याकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले. मग शिक्का मारून पाकीट मागच्या पोत्यात टाकले.