माकुडीला पाणी

आमच्या नानांची बाग पाण्यावाचून फुलायची, आणि नानांना तिचा माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे. घरापुढच्या दोन खाटांएवढ्या जागेत त्यांनी मुरूम, विटांचा चुरा आणि फुटकी कौलं टाकून उंचवटा केला होता. त्यात कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब, लाल फुलांचा निवडुंग अशी सगळी जाड अंगाची, पाणी पोटात धरून बसणारी झाडं लावली होती. चैत्रात गावातल्या बंगल्यांपुढचे गुलाब माना टाकायला लागले की नाना मुद्दाम बाहेर खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "माजी झाडं कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाईत."

यामागचं कारण त्यांनी आम्हाला आयुष्यात एकदाच सांगितलं. नाना दहा वर्षांचे होते, आम्ही बौद्ध व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या वस्तीनं विहिरीला हात लावायचा नाही. वरच्या घरातली कुणी बाई येईल, तिला दया आली तर ती पोहरा ओढून लांबूनच आमच्या भांड्यात ओतेल, तोवर भांडं घेऊन उभं राहायचं. एका दुपारी साळुबाई नावाची नवी सून आली. तिनं पोहरा ओढला, नानांच्या कळशीवर धरला, आणि तेवढ्यात लांबून सासूनं हाक मारली. साळुबाईनं घाबरून पोहरा तिथंच जमिनीवर उपडा केला आणि ती निघून गेली. नाना दिवस मावळेपर्यंत उभे राहिले आणि रिकामी कळशी घेऊन घरी आले.

पुढं ते घोडेगावला एका कचेरीत शिपाई झाले. तीस वर्षं साहेबांच्या टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवले, पण स्वतःसाठी कुणाकडं पाणी मागितलं नाही. एस.टी.त घशाला कोरड पडली तरी शेजारच्याची बाटली घेत नसत. आई वैतागायची. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा.

बागेच्या मधोमध माकुडी होती, तीही तसलीच जाड अंगाची. ती नानांनी नव्हे, माझ्या धाकट्या भावानं, नवनाथनं लावलेली. सत्त्याण्णवच्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतली पोरं जुन्नरला लेणी बघायला गेली, तेव्हा त्यानं कड्याच्या फटीतून बोटाएवढी काडी तोडून खिशातून आणली. आईनं तिला चुलीची काडी समजून उचललं होतं, थोडक्यात वाचली. नवनाथनं ती आठ दिवस सावलीत सुकू दिली आणि मग मुरमात खोचली. पाऊस पडल्यावर तिला पानं फुटली आणि भाद्रपदात फूल आलं. चांदणीच्या आकाराचं, सुकलेल्या रक्ताच्या रंगाचं, वर पिवळे ठिपके. वास असा की माश्या याव्यात. मी नाक मुरडलं तर नवनाथ म्हणाला, अक्का, असलं झाड जगात दोनचार कड्यांवरच उगवतं, आणि आता आपल्या दारात आहे.

पुढच्या वर्षी नारायणगावच्या अलीकडं ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर माकुडी हातभर पसरली, पण नानांनी तिला सुरी लावू दिली नाही. मी सांगून थकले, की एक फांदी कापून डब्यात लावा, एक गेलं तर एक राहील. नवनाथच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय, त्याचे मी तुकडे करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी पहिलं फूल आलं की ते आईला हाक मारत. आई यायची, बघायची आणि आत जायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आमच्याकडं एक दिवसाआड टँकर यायला लागला. त्यातच नानांच्या लघवीचं दुखणं वाढलं आणि ऑपरेशनसाठी त्यांना पुण्याला न्यावं लागलं. आई सोबत गेली. घरी मी एकटी. मी तेव्हा गावातल्या अंगणवाडीत कामाला होते. नवऱ्याचं घर सोडून आले होते, आणि का सोडलं ते मी कुणाला सांगत बसत नाही. जीपमध्ये बसताना नानांनी मला जवळ बोलावलं.

"माकुडीला पाणी घालायचं न्हाई. थेंब बी न्हाई. उन्हाळ्यात ती झोपती. झोपंत पाणी घातलं की मुळं कुजत्यात. वाळल्यावानी दिसंल, दिसू दे."

मी मान हलवली. इतकी साधी गोष्ट होती. काहीच करायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळुबाई आली. तीच साळुबाई. आता सत्तरी ओलांडलेली, विधवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कमरेवर भरलेली कळशी. त्यांच्या वाड्यावर बोअर होतं, पण तेही तेव्हा अर्धा तास चाललं की फुसफुसायचं. ती चाचपडत बागेपाशी आली, पायानं दगड शोधला आणि थांबली. मी ओसरीवरून उठले. नको, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नाना दवाखान्यात हाय म्हणं. पोराचं झाड वाळलं आसंल," ती म्हणाली. "ल्हानपणी त्याची कळशी भरायची माज्याकडून ऱ्हायली व्हती, पोरी. लई वरसं झाली. त्याला ठावं नसंल, पर मला ठावं हाय."

आणि तिनं कळशी माकुडीच्या बुडाशी ओतली.

मी खाली बसले. खरं सांगायचं तर मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. मला गोड लागलं. ज्या बाईच्या हातातल्या पोहऱ्याकडं माझा बाप दिवस मावळेपर्यंत बघत राहिला, ती आमच्या दारात, न मागता, वाकून पाणी ओतत होती. मनाशी म्हटलं, एका कळशीनं काही होत नाही. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी परत म्हटलं, उद्या सांगू. तिच्या येण्याच्या चौथ्या दिवशी शेजारची लंकाबाई धुणं टाकून बघायला आली. माझ्या कानाशी लागली, "बघ गं, साळुबाई आपल्या दारात पाणी भरतीया." मग वस्तीतल्या आणखी दोघीतिघी यायला लागल्या. मी नानांची खुर्ची बाहेर काढली. चहाचा कप घेऊन त्या खुर्चीत बसायचे आणि म्हातारी येताना, ओतताना, रिकामी कळशी घेऊन चढ चढताना बघायचे. एकदा तिचा मुलगा संपत मागून आला आणि घरात प्यायला पाणी नाही म्हणून तिच्यावर डाफरला. तिनं त्याला बाजूला सारलं आणि ओतलंच. त्या दिवशी मी चहा जरा जास्तच चवीनं प्यायले.

माकुडी आधी टरारली. भर चैत्रात पानं फुटली, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की नानांनाही सगळंच कळतं असं नाही. चिनी गुलाब तर वेड्यासारखा फुलला. बाराव्या दिवशी माकुडीची पानं पिवळी पडून गळाली. पंधराव्या दिवशी बुडाशी काळं दिसलं. बोट लावलं तर ते आत गेलं. मला कळलं. तेव्हाही तिला थांबवलं असतं तर वरचं एखादं टोक वाचलं असतं, पण थांबवायचं म्हणजे आता कारण सांगायला लागणार होतं. मी आणखी तीन दिवस खुर्चीत बसून राहिले.

अठराव्या दिवशी दुपारी नाना आले. काठी टेकत, आईच्या खांद्याला धरून, थेट बागेपाशी गेले. वाकून त्यांनी माकुडीची फांदी धरली. ती बुडापासून सुटून त्यांच्या हातात आली आणि बोटांतून घाण पाणी गळलं. आईनं तोंडावर पदर घेतला.

नानांनी एकेक फांदी चाचपली. एका टोकाला, करंगळीएवढं, अजून टणक लागलं. त्यांनी सुरी मागितली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या झाडाला सुरी लावली. काप बघितला. आत काळी रेघ होती. वरून आणखी बोटभर कापलं. तिथंही रेघ होती. शेवटी कापायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सुरी पुसून माझ्याकडं दिली.

कुणी पाणी घातलं, त्यांनी विचारलं. मी साळुबाईचं नाव सांगितलं. ती काय म्हणाली तेही सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. माझी सुटका त्यात होईल असं मला वाटलं होतं. नाना ऐकत राहिले. त्यांची नजर त्यांच्या खुर्चीवर गेली. ती बाहेर होती, बागेकडं तोंड करून, आणि तिच्या पायाशी माझा कप होता.

"किती दिस?"

"अठरा."

"अठरा दिस तू हितं बसली व्हतीस."

नाना आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. आई त्या दिवशी जेवली नाही आणि माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

सकाळी साळुबाई आली. मला वाटलं, नाना आता तिला बोलतील. इतक्या वर्षांचं सगळं बोलतील. बोलायला हवं होतं, निदान माझ्या वाटणीचा थोडा भार तरी तिच्यावर गेला असता. नाना खाकरत, काठी टेकत बाहेर आले. तिला त्यांचा आवाज ऐकू आला तशी ती कळशी धरूनच थांबली.

"नाना, आलास व्हय? झाड धरलं का रं? मला दिसत न्हाई."

नाना त्या काळ्या चिखलाकडं बघत होते.

"धरलं, काकी," ते म्हणाले. "पानं फुटल्याती."

"मग माजं फिटलं म्हण."

"फिटलं."

तिनं कळशी ओतली. तिचा चेहरा असा झाला की मला तिकडं बघवेना. पाऊस लागेपर्यंत रोज आणते, म्हणाली. नानांनी आणा म्हणून सांगितलं. ती गेल्यावर मी म्हटलं, नाना, आता कशाला, गावाला प्यायला पाणी नाही. मी रात्री ओसरीवर नेऊन ठेवलेली खुर्ची त्यांनी स्वतः ओढत बाहेर आणली. ऑपरेशनच्या टाक्यांवर हात दाबून आणली, मला हात लावू दिला नाही. आधी होती त्याच जागी ठेवली.

"तिला कळता कामा न्हाई. मरंस्तवर कळता कामा न्हाई," ते म्हणाले. "आन् तू हितं बसायचं. तुला बघायला गोड लागत व्हतं न्हवं? आता बघ."

त्यानंतर नाना माझ्याशी बोलले ते कामापुरतं. मी रोज सकाळी खुर्चीत बसत होते. साळुबाई कळशी आणून मुरमावर ओतत होती, हातानं हवेत पानं चाचपत होती आणि मी तिला हात लावू नका, कोवळी आहेत, असं सांगत होते. लंकाबाई आता बघायला येत नव्हती. त्या वर्षी पाऊस फार उशिरा आला.