वळणावरची ओढ

वळणावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराज आज 'ओढ' बांधणार होते. ओढ म्हणजे दरीतली ती अदृश्य बाई, जी म्हणे ट्रकची स्टिअरिंगं ओढते. वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, महाराजांनी रिकामा ट्रक आणवला होता. चालवायला बसला होता गर्दीत पुढे उभ्या असलेल्या एका विधवेचा धाकटा दीर.

"सोड हात!" महाराज ओरडले. ट्रक आपोआप दरीच्या कडेला सरकू लागला. बाया किंचाळल्या. दिरानं कसंबसं सावरलं. मग महाराजांनी स्टिअरिंगला मंतरलेला दोरा बांधला. "आता मधोमध घे बाळा, भिऊ नकोस!" या खेपेला हात सोडूनही ट्रक नाकासमोर गेला.

"बघा, कशी गप्प बसली!" महाराज गरजले. दोऱ्यांवर झुंबड उडाली.

दिराकडे बघत तिनं डोळे पुसले. याच वळणावर तिचा नवरा ट्रकसकट खाली गेला होता. ओढीनं नेलं, त्याची चूक नव्हती, एवढाच तिला आधार होता. आता दोरा आहे म्हणून दीरही रात्रभराच्या फेरीनंतर न झोपता दुसऱ्या फेरीला निघाला होता.

तिची लेक वाहतूक कंपनीत कामाला होती. ती दोघांना ओढतच ऑफिसात घेऊन गेली. कंपनीच्या प्रत्येक ट्रकच्या, महाराजांनी आणवलेल्याही, टपावर एक डबी होती. उपग्रहांच्या मदतीनं ट्रक आपल्या लेनमध्ये नेमका कुठे आहे, ते वीतभराच्या फरकानं सांगणारी.

लेकीनं पडद्यावर आजची रेघ दाखवली. "काका, पहिल्यांदा तुम्ही कडेला होतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. हात सोडले की गाडी उताराकडे जाणारच. दुसऱ्यांदा त्यांनी तुम्हाला मधोमध घ्यायला लावलं. तिथे उतारच नाही. दोऱ्यानं काय केलं?"

दिराचा चेहरा उतरला. "मग दादाचं काय झालं?"

लेक आईकडे बघेना.

"दाखव," ती म्हणाली.

पडद्यावर नवऱ्याच्या शेवटच्या फेरीची रेघ उमटली. वळणाच्या कितीतरी आधीपासून ती लेनमध्ये हेलकावत होती. कडेच्या पट्ट्याला टेकायची, दचकून मागे यायची, पुन्हा कलायची. वळणावर ती वळलीच नाही.

"बाबांना डुलक्या लागत होत्या, आई. मी हे कधीच पाहिलं होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

तिला त्याचा शेवटचा फोन आठवला. "आता झोपायला थांबत नाही. घरची ओढ लागलीय." तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! ती ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. क्षणभर वाटलं, यापेक्षा दरीतली ती बाई परवडली असती.

मग तिनं दिरापुढे हात पसरला. "भावजी, चाव्या द्या."

"वहिनी, माल पोचवायचाय."

"माल थांबेल. डुलकीवर दोरा नाही चालत हो, झोपच घ्यावी लागते. डोळे मिटायला लागले की गाडी बाजूला घ्यायची. वळणावर जमलेत ना, त्या सगळ्यांना मी हेच सांगणार आहे. ओढ घरचीच असते. आणि घर काही पळून जात नाही."

दिरानं चाव्या दिल्या. तिथल्याच बाकावर तो आडवा झाला आणि पाठ टेकताच घोरू लागला. ती चाव्या मुठीत धरून त्याच्या उशाशी बसून राहिली.