आखूड झाले, पण कामाला लागले

मित्रांनो, मी एक जुनी मूत्रवाहिनी आहे. नाक मुरडू नका! मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयापर्यंत पोचवणारी बारीक नळी ती मी. कौतुक सगळं मूत्रपिंडाचं होतं, माझं नाव तुम्ही परीक्षेपुरतं पाठ करता. असो.

मी वाढले एका बाईच्या पोटात, तिला मी आईच म्हणते. आम्ही दोघी जुळ्या बहिणी, एक डावीकडे, एक उजवीकडे. आई तिकीटखिडकीवर बसायची. रांग संपल्याशिवाय जागची हलायची नाही, आणि रांग कधी संपते का? आम्ही दोघी तुंबून चरफडत बसायचो. पण बाई मायाळू. खिडकीतून कुणावर कधी खेकसली नाही.

मग तिच्या लेकीची मूत्रपिंडं निकामी झाली. लघवीच होईना, म्हणून पाणीही मोजूनमापून. आई तिचे घोट मोजायची, तांब्या उचलून ठेवायची आणि मग आत जाऊन रडायची. शेवटी तिनं स्वतःचं एक मूत्रपिंड द्यायचं ठरवलं. त्याच्याबरोबर मी जाणार हे ओघानं आलंच. मला कोण विचारतंय!

प्रश्न होता, मला लेकीच्या मूत्राशयाला जोडायचं कसं. मोठे डॉक्टर म्हणजे जुनं खोड. ते मूत्राशय उघडायचे, नळी भिंतीतून आत ओढून घ्यायचे आणि आतून टाके घालायचे. त्यानं लघवी उलटी वर चढत नाही, अशी त्यांची खात्री. त्यांच्या हाताखाली शिकलेली डॉक्टरीण म्हणायची, बाहेरूनच लहानसं भोक पाडावं, टोक तिथं शिवावं आणि वर स्नायूचं पांघरूण घालावं. चिरफाड कमी, आणि नळी आखूड असली तरी भागतं. या वादात दोघांचा चहा रोज गार व्हायचा. माया मात्र बापलेकीसारखी. अखेर आतूनच जोडायचं ठरलं. सर म्हणतील ती पूर्व दिशा!

मूत्रपिंड लेकीच्या ओटीपोटात बसवलं. रक्त सोडताच ते गुलाबी झालं, पण माझं खालचं टोक काळंनिळंच राहिलं. माझं रक्त मूत्रपिंडाकडून येतं, ते टोकापर्यंत पोचतच नव्हतं. तसंच शिवलं असतं तर टोक कुजून लघवी पोटात झिरपली असती आणि आईनं दिलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. माझी तर पाचावर धारण बसली.

मोठ्या डॉक्टरांनी कात्री मागितली. कडेवर लाल रक्त दिसेपर्यंत त्यांनी मला छाटलं. आता आतून जोडायला मी पुरेना. त्यांनी सुई डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

"तुझ्या पद्धतीनं घे. मी धरतो."

त्यांनी मला चिमट्यात अलगद धरलं आणि तिनं ताण न देता शिवलं. टाके भरून येईपर्यंत आधाराला माझ्या आत एक बारीक नळी ठेवली. शेजारी लेकीच्या जुन्या मूत्रवाहिन्या कोरड्या पडून होत्या. त्यांच्या वाट्याचं कामही आता माझंच होतं.

काही आठवड्यांनी आधाराची नळी काढली. खरी कसोटी तेव्हा होती. तपासणीत कुठंही गळती दिसली नाही. आता भरपूर पाणी पी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लेकीनं सवयीनं पेल्यात दोन घोट ओतले आणि आईकडे चोरून पाहिलं. आईनं तिच्या हातून पेला घेतला आणि काठोकाठ भरला.

"पी गं. आता मी नाही मोजत."

लेक घटाघटा प्यायली. मी लगेच कामाला लागले. इतक्या आनंदानं मी कधीच राबले नव्हते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तहान लागली की पाणी प्या, आणि लघवी लागली की जा, अडवून धरू नका. आईला हे सांगायला मला तोंड नव्हतं. आता रोज दुपारी लेक तिकीटखिडकीवर फोन करते, "आई, ऊठ, आधी जाऊन ये." रांग थांबते आणि आई उठते. तिकडे माझ्या बहिणीला किती बरं वाटत असेल!