साडेपाचची वाटी

चौथा चमचा मुलीच्या पोटात गेला आणि मग अण्णाच्या लक्षात आलं, की आज तिला काहीही द्यायचं नव्हतं.

वाटीच्या तळाशी घोटभर दूध आणि कुस्करलेल्या बिस्किटाचा गाळ उरला होता. मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटूनच होती. त्याने तिचे ओठ पुसले, तिला हलकेच उशीवर ठेवलं आणि तो पलंगाच्या कडेला मटकन बसला. साडेपाच वाजले होते. नऊ वाजता दवाखान्यात तिला भूल देऊन तोंडातून नळी घालणार होते आणि पोट आतून बघणार होते. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं तिथल्या कागदावर ठळक छापलेलं होतं.

तो कागद अण्णाला तोंडपाठ होता. काल त्याने स्वतः पाण्याच्या बाटल्या उचलून कपाटावर ठेवल्या होत्या. मुलीने स्वयंपाकघराच्या दारावर खडूने ‘आज बंद’ असं लिहिलं होतं, खाली सहीसुद्धा ठोकली होती. आठ वर्षांची पोर, पण घरादाराला शिस्त लावायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. ते दार उघडून अण्णा आत गेला होता, त्याने दूध कोमट केलं होतं, बिस्किटं कुस्करली होती आणि त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

बावीस वर्षं तो सूतगिरणीत तुटलेले धागे जोडत होता. तिथे धाग्यासाठी यंत्र थांबवत नाहीत. ते फिरत असतानाच दोन टोकं चिमटीत धरून जोडायची आणि पुढे सरकायचं. मुकादम चारचौघांत सांगायचा, “अण्णाचे हात त्याला न विचारता काम करतात.” अण्णाला तेव्हा मोठं कौतुक वाटायचं.

शाळा सुरू झाल्यापासून मास्तरणीचं जेवण तुटलं होतं. खाल्लं की पोटात जळतं, म्हणायची. दोन घासांवर ताट सरकवायची. बळजबरी करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बायकोने ते पाळलंही होतं. अण्णाला पाळवलं नाही. पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या तसा त्याचा जीव राहीना. एका पहाटे गिरणीला निघण्याआधी त्याने तिला झोपेतच उठवून बसवलं, खांद्याशी धरलं आणि ओठांना चमचा लावला. ती गिळत गेली. सकाळी तिला काही आठवलं नाही. बायकोही त्या वेळी झोपेत असायची. मग ते रोजचंच झालं आणि त्याच्या अंगवळणी पडलं.

बायको उठली तेव्हा वाटी धुऊन जागेवर गेली होती.

“झोप नाही लागली का तुम्हाला?” तिने विचारलं.

“लागली की.”

आताच सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आजची तारीख मिळायला सात आठवडे लागले होते, आणि चार चमच्यांनी असं काय होणार, असंही त्याला वाटलं. खरं म्हणजे तो घाबरला होता. तेवढ्यात मास्तरीण उठली आणि चूळ भरायलासुद्धा नको म्हणाली.

“पाणी चुकून घशात गेलं तर? मग सगळंच मुसळ केरात!” ती म्हणाली. ही म्हण ती आईकडून शिकली होती. बायकोला हसू आलं. अण्णा बूट शोधायला बाहेर गेला.

दवाखान्यात मुलांचा मजला वेगळा होता. भिंतीवर मासे रंगवले होते, बाकडी बुटकी होती. अण्णाचे गुडघे छातीला लागत होते. सिस्टरने मुलीच्या मनगटाला पट्टा बांधला आणि फॉर्म पुढे ओढला.

“काल शेवटचं कधी जेवलीस गं?”

“रात्री आठला. दोन घास,” मास्तरीण उभी राहून म्हणाली, फळ्यापुढे उत्तर द्यावं तशी. “त्यानंतर काही नाही. पाणीपण नाही. चूळपण नाही भरली मी.”

“अगं बाई, मोठ्या माणसांना जमत नाही एवढं! शाबास.”

सिस्टरने पेन टेकवलं. वाटेत त्याने मनाशी ठरवलं होतं, की गप्प बसायचं. पण सिस्टर बायकोला समजावून सांगायला लागली, की रिकामं पोट का लागतं, भुलीमध्ये पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर मूल दगावूही शकतं.

“सिस्टर,” अण्णा म्हणाला, “तिने खाल्लंय.”

“बाबा!” मास्तरीण किंचाळलीच. “खोटं का बोलता? मी काहीच नाही खाल्लं!”

“मी भरवलं. साडेपाचला. तू झोपेत होतीस.”

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू कुणी परका माणूस मध्येच येऊन बोलला. “आजच? आजच्या दिवशी भरवलंत?”

‘हो, आजच,’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. अण्णाला ते सुचलंही होतं.

“रोज,” तो म्हणाला. “शाळा सुरू झाल्यापासून.”

सिस्टरने पेन खाली ठेवलं आणि ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर अण्णाला बरं वाटलं असतं. त्यांनी किती दूध, किती बिस्किटं ते विचारलं. सहा तास जाऊ देऊ आणि सगळ्यात शेवटी हिला घेऊ, म्हणाल्या. मग फाईल उघडून वजनाचा तक्ता बघत राहिल्या.

“हे वजन खाली येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून आम्ही घाई केली नाही. आम्हाला वाटलं, पोर बाहेर काहीतरी खात असेल. नाहीतर केव्हाच बघितलं असतं आत.”

“माझ्यामुळे,” अण्णा म्हणाला.

“आज बोललात ते बरं केलंत,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

मग नुसतं बसणं आलं. मास्तरीण आईच्या पलीकडे जाऊन बसली. तिचे ओठ सुकले होते, पण तिने पाणी मागितलं नाही. समोरून एकेक मूल आत जात होतं. बऱ्याच वेळाने ती आईला म्हणाली, “मी तुला सांगत होते ना, उठल्या उठल्या दुखतं म्हणून.”

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“तू म्हणालीस, काही खाल्लंच नाहीस तर दुखेल कसं. शाळा बुडवायची नाटकं करते, म्हणालीस.”

“चुकलं माझं, बाळा.”

“मग तू मला मारलंस.”

बायकोने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने ती अण्णाकडे न बघता हळूच म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही तिथंच होतात. डबा भरत होतात.”

अण्णा तिथेच होता. पोरगी हमसून हमसून सांगत होती, ‘खरंच दुखतं, आई, खरंच,’ आणि ती खरं बोलते आहे हे त्या घरात एकट्या त्याला ठाऊक होतं. डबा भरून, झाकण लावून तो गिरणीत निघून गेला होता. आपण तिला जगवतो आहोत, याचाच त्याला मनातून अभिमान होता. आता त्याला स्वतःची शिसारी आली.

बारा वाजून गेल्यावर सिस्टर दारात आली. “चला, मास्तरीणबाई. आत एकानेच यायचं. औषध देऊन झोप लागेपर्यंत हात धरायचा, मग बाहेर. कोण येणार?”

ते आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. बायकोला सुई बघवत नाही, म्हणून अण्णा जाणार होता. मास्तरणीनेच तसं फर्मान काढलं होतं. तो उठला आणि त्याने हात पुढे केला.

“बाबा नकोत,” ती म्हणाली.

“अगं, असं काय करतेस?” आई म्हणाली. “तूच म्हणाली होतीस ना...”

“आई, तू चल.” तिचा आवाज लहान झाला होता, पण तिने तो रडू दिला नाही. “मी झोपले की बाबा नकोत.”

सिस्टर खाली बघायला लागली. अण्णाने पुढे केलेला हात मागे घेतला.

“बरोबर आहे तिचं,” तो बायकोला म्हणाला. “जा तू. सुईकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ.”

पाच मिनिटांत बायको बाहेर आली आणि खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली. अण्णाला तिच्याजवळ जायचं होतं, पण धीर झाला नाही. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई टोपी काढत आल्या.

“जठरात व्रण आहे, बराच मोठा,” त्या म्हणाल्या. “तुकडा तपासायला पाठवलाय, आठ दिवसांत कळेल. औषधाने भरून यावा. जरा आधी बघितलं असतं तर...” आणि त्या थांबल्या. “छान झोपलीये ती. शुद्धीवर यायला थोडा वेळ लागेल. तोवर दोघंही जाऊन बसा जवळ.”

बायको लगबगीने आत गेली. अण्णा दारापर्यंत गेला. पडद्याच्या फटीतून त्याला उशी दिसली, एका कुशीवर वळलेली मुलगी दिसली. तिचं तोंड किंचित उघडं होतं. तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला.

“या की आत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिला काही कळणार नाही आत्ता.”

“म्हणूनच नको,” अण्णा म्हणाला. “जागी झाली की तिला विचारा. हो म्हणाली, तर येईन.”

आणि त्याने बाहेरूनच दार लोटून घेतलं.