तक्रारदार क्रमांक एक

शालननं रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर सात वाळे ओतले. लहान पोरांच्या पायातले, चांदीचे. एकही चांदीसारखा दिसत नव्हता. चुलीच्या राखेतून काढलेल्या खिळ्यांसारखे काळे पडले होते.

करंदीकरांनी चष्मा वर सरकवला.

"हे सोनाराकडे न्या, बाई."

"जाऊन आले. आमच्या गोदानं त्याच्या अंगावर फेकले, भेसळीची चांदी दिलीस म्हणून. त्यानं घासून दाखवली, आत पांढरीशुभ्र. म्हणाला, तुमच्या गावातली ही चौथी बाई. गटारावर राहता काय तुम्ही?"

"मग? राहता का?"

हा विनोद होता. शालन हसली नाही. ती आज चौथ्यांदा आली होती. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब जागेवर, फाइल दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेनंतर खरोखरच एक माणूस जीप घेऊन कोंडखारला आला, तोही भर दुपारी बाराला. दुपारी खाडीवरून वारा सुटतो आणि गावातलं सगळं उचलून कंपनीच्या पलीकडे नेऊन टाकतो. त्या माणसानं आपली पंपाची पेटी ओट्यावर ठेवली, शहाळं प्यायला आणि लिहून गेला, हवा समाधानकारक.

गावात या जागेला हवेचं ऑफिस म्हणत. कोपरीत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. तिन्हीपैकी एकाही खोलीची खिडकी उघडत नव्हती.

"साहेब, तुमच्या माणसाला सकाळी नऊला पाठवा," शालन म्हणाली. "माझी बालवाडी कंपनीच्या त्या उंच नळापासून दीडशे पावलांवर आहे. एकोणीस पोरं. थंडीत सकाळी जमिनीकडून खाडीकडे मतलई वाहते, तेव्हा नळातलं सगळं आमच्यावर उतरतं. सडक्या अंड्यांचा वास येतो. पोरं ओकतात. मंगळवारी जनीचा पोरगा सुकडी खाताखाता झोपला, तो उठेचना. पाणी मारलं, तळवे चोळले. दहा मिनिटं लागली."

"आता बरा आहे ना?"

"आज बरा आहे. उद्याचं तुम्ही सांगा."

करंदीकरांनी फाइल ओढली. वरच्याच पानावर शालनचं अक्षर होतं. दहावीपर्यंत शिकलेली गावातली ती पहिली सून. गावाचा प्रत्येक अर्ज तिच्या हातचा. हा अर्ज तिनं तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला होता. 'सबब, सदर कंपनीच्या नळावरील ज्योत तात्काळ व कायमस्वरूपी विझविण्यात यावी, ही विनंती.' कायमस्वरूपी हा शब्द तेव्हा तिला फार आवडला होता.

"तुम्ही मागितलंत, आम्ही दिलं," करंदीकर म्हणाले. "एक्याण्णवच्या, म्हणजे गेल्याच दिवाळीआधी ज्योत बंद. कंपनीच्या संमतीपत्रात तशी अट घातली, अट नऊ. तुम्ही लोक पेढे घेऊन आला होतात इथे."

"काजळी पडायची तिची. वाळवणावर, भातावर, पोरांच्या अंगावर."

"पडायची. पण ऐका. कंपनीकडे जो गॅस येतो त्यात एक सडका गॅस मिसळलेला असतो. कारखान्यांना साफ गॅस लागतो, म्हणून कंपनी तो सडका वेगळा काढते. मग त्याचं करायचं काय? वर नेऊन जाळायचा. जळला की धूर होऊन वर जातो. न जळता सोडला तर जड असतो, खाली बसतो. तुम्हाला वाटलं ज्योत म्हणजे घाण. ज्योत झाडू होती, बाई."

काचेखाली कुठल्याशा देवाचं चित्र होतं. शालननं त्याच्यावरचा एक वाळा बाजूला सरकवला.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"दोनशे बारा सह्या होत्या. अकरा दिवस माणसं गेटवर बसलेली, शेवटी लाठ्या चालल्या. वरून रोज फोन. सगळ्यांना विझलेली ज्योत पाहिजे होती. कंपनीलाही. ज्योत जिवंत ठेवायला चांगला गॅस जाळावा लागतो, तो वाचला."

"आणि तुमची तपासणी?"

"काय मोजायचं ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं. धूर, काजळी, जळलेल्या गंधकाचा वायू. ज्योतच नाही म्हटल्यावर तिन्ही शून्य. कागदावर तुमच्या गावची हवा आज जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ आहे." त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "वासाला रकाना नाही."

शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. त्यांना सगळं माहीत असतं, आणि जे माहीत असतं ते टेबलाच्या खणात असतं.

"मग पेटवा ती," शालन म्हणाली.

"कुठल्या तोंडानं? कंपनीला आदेश काढू, की धूर सोडा? तक्रार मागे घ्यावी लागेल. तक्रारदारानं स्वतः येऊन."

"घेते. द्या कागद."

"तुम्ही नाही." त्यांनी पान उलटून तिच्याकडे फिरवलं. तक्रारदार क्रमांक एक, भिवाजी पदू मढवी. खाली निळा अंगठा.

अर्ज तिचा, शब्द तिचे, पण पहिला अंगठा सासऱ्यांचा. वडीलधाऱ्या माणसाच्या वर सून आपलं नाव कशी घालणार होती?

तिनं वाळे एकेक करून रुमालात भरले. ती दारापर्यंत गेली तेव्हा करंदीकर मागून म्हणाले, "लवकर आणा त्यांना. काही दिवस वास येतो, मग नाक मरतं. माणसांना वाटतं, गेलं एकदाचं. खरं भ्यायचं ते तेव्हा."

भिवाजी अंगणात बसून मासेमारीचा पाग दुरुस्त करत होते. वय चौऱ्याहत्तर. त्यातली पस्तीस वर्षं मिठागरात गेली. जाळ्यातलं फाटलेलं घर ते हातभर लांबूनच हेरत आणि सुईत दोरा एका फटक्यात ओवत. शालन बोलत होती तोवर त्यांचे हात चालू होते. ज्योत झाडू होती, इथपर्यंत ती आली तेव्हा थांबले.

मिठागर गेलं तेव्हा या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. कंपनी आली तेव्हाही नाही. नळ उभा राहिला, त्याच्या टोकावर दिवटी पेटली, आणि खाडीवरचा काळोख गेला. आवसेलाही पाण्यावर तांबडा उजेड. चिंबोऱ्या बिळातून बाहेर येईनात. मग भिवाजी उठले आणि गेटवर जाऊन बसले. दिवटी विझली त्या संध्याकाळी पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन गावदेवीला पाच फेरे घातले होते. जन्मात जिंकलेली ही एकच गोष्ट.

"म्हंजे मीच इजवली, आन मीच पेटवा सांगू?"

"हो, आबा."

"गाव बोलंल, म्हातारा कंपनीनं इकत घेतला."

"तुम्हाला नाही, मला बोलतील. हे तिथंच कंत्राटावर वॉचमन आहेत."

"त्या सायबाचा खरा कशावरून?"

"जनीचा पोरगा उठत नव्हता, त्यावरून."

भिवाजींनी पाग गुंडाळून खुंटीला अडकवला आणि ते बाहेर निघून गेले.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. शालननंच जमवली होती. गावाच्या पाठीमागे सासऱ्यांचा अंगठा घ्यायचा आणि मग याच गावात राहायचं, हे तिला जमणारं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. सडका गॅस, जड गॅस, अट नऊ. सांगताना आवाज दोनदा चढला. आपण पोरांना अ आ ई शिकवतो तसं बोलतोय, हे तिलाच ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी लिहिलं ते चुकलं."

गोदानं पदर खोचला. "काय गो शालन, तवा बोललीस इजवा, आता बोलतेस पेटवा. तू काय इष्टोची चावी हायस?"

हशा पिकला.

"तुज्या राघोला कायम केला वाटतं कंपनीनं," काळुराम म्हणाला. लाठीचा पहिला फटका त्यानं खाल्ला होता, अजून लंगडत होता. त्याला बोलायचा हक्क होता.

"अरे, पोरं मरतील तुमची!"

"तुझ्याच बालवाडीत वकतात ना? मंग नाय पाठवत तुझ्याकडं."

"आणि वारा काय बालवाडीच्या दारात थांबतो? घरं नळापासून दोनशे पावलांवर आहेत."

"आता कसला वास नि कसला काय," गोदा म्हणाली. "मना तर दोन दिस झालं, वासच येत नाय."

"मना पन नाय," मागून कुणी बाई म्हणाली.

शालन कंपनीच्या बाजूला वळली. तिनं जोरात श्वास घेतला. तिलाही काही आलं नाही.

"तिला नका बोलू."

भिवाजी देवळाच्या पायरीवरून उठले होते. सगळे वळले.

"मी बोललो तिला. मना दिसत नाय."

"काय दिसत नाय?"

"डोला गेला माजा. दिवालीपासून. संज झाली का अंगन दिसत नाय, पायरी दिसत नाय. दोनदा पडलो. दिवटी व्हती तवा उजेड व्हता. मीच सुनेला बोललो, जा, पेटवा सांग त्यांना. ती बिचारी पोरांचा नाव करते. सासऱ्याची लाज झाकते."

काळुराम फाडकन म्हणाला, "अरे म्हाताऱ्या! तुज्या मुतायला उजेड पायजे म्हनून आमी लाठ्या खाल्ल्या काय?"

"आदी सांगायचा ना," गोदा म्हणाली, "वर्गनी काढून बॅटरी दिली असती!"

आता हसणं आवरेना. दिवाळीआधी त्यांना खांद्यावर घेतलेली पोरंही त्यात होती. कुणी शिवी दिली, कुणी थुंकला. शालनकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं, तर वीस पावलांवरून, त्या मावळत्या उजेडात, सासऱ्यांनी नेमकं तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कोपरीला गेली. बालवाडीला तिनं कुलूप घातलं होतं. करंदीकरांनी छापील कागद पुढे केला.

"तक्रार मागे घेण्याचं कारण?"

शालन सांगू लागली, तर भिवाजी मध्येच म्हणाले, "लिवा, अर्जदाराला काळोख सोसत नाय."

करंदीकरांनी शालनकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी लिहिलं. भिवाजींच्या अंगठ्याला शाई लावली, टेकवला, कागदावर शिक्का पडला.

"उद्या अकराला कंपनीचा माणूस येईल, सुधारित अट घेऊन जाईल. मग पेटेल."

"सकाळी सहाला पेटली पाहिजे," शालन म्हणाली.

"बाई, कार्यालयाला वेळ असते."

"वाऱ्याला पण असते."

"तुम्ही जा, मी बघतो."

ती उठली नाही. भिवाजीही उठले नाहीत. शिपायानं दोनदा डोकावून पाहिलं. बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळली. अर्ध्या तासानं करंदीकरांनी चिडून फोन जवळ ओढला, कंपनीच्या कुणावर तरी ओरडले, मग ऑफिसच्या जीपनं एका माणसाला कागद देऊन पाठवलं. फोन आपटून म्हणाले, "सहा. झालं समाधान?"

दोघं उठली.

लोकलनं डोंबिवली, तिथून एस.टी.नं दोघं फाट्यावर उतरली तेव्हा दिवस मावळला होता. तिथून गावापर्यंत जुन्या मिठागराच्या बांधावरून वाट. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये हातभर माती. भिवाजी चपला हातात घेऊन पुढे झाले. नळ आकाशात काळा उभा होता. शालन ठेचकाळत मागे येत होती आणि ते मान न वळवता तिला सांगत होते, "हितं उंदरानं पोकल केलाय, कडनं ये. फुडं दगड हाय." पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीपाशी फळी तुटलेली होती, ती त्यांनी एका ढांगेत ओलांडली आणि तिच्यासाठी मागे वळून थांबले.

पहिल्या घराचा दिवा दिसला. ओट्यावर कुणीतरी बसलेलं होतं, बिडीचा ठिपका हलत होता. भिवाजी थांबले. त्यांनी चपला पायांत घातल्या, खांदे थोडे पाडले, आणि मागे न बघता एक हात तिच्याकडे लांब केला.

"धर."

सतरा वर्षांत शालननं सासऱ्यांना पाया पडण्यापुरताच हात लावला होता.

"कशाला, आबा?"

"गाव आला."